वच्छलाबाईंनी उडवलेला टवका

वच्छलाबाई रामटेके यांचा दगड काचेचा निघाला. वाक्य लिहायला सोपं आहे. पण त्या रविवारी सकाळी नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या त्यांच्या ओसरीत आम्ही जेवढे जण बसलो होतो, त्यांच्यापैकी एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. मला गप्प बसवायला माझ्या बायकोचा, गोपिकाचा, अर्धा जन्म गेला, आणि तिथे मी आपसूक तोंड उघडं टाकून बसलो होतो.

बाई कोण हे माहीत नसेल त्याला यात एवढं हादरण्यासारखं काय, असं वाटेल. म्हणून आधी बाईंबद्दल सांगतो.

मी शरच्चंद्र. प्रताप नगरात राहतो, एसटीत कंडक्टर होतो. काटोल-नरखेडच्या फेरीवर गाडी थांबली की प्रवासी चहा प्यायचे आणि मी रस्त्याच्या कडेच्या गारगोट्या वेचायचो. तेव्हापासून हे दगडांचं वेड लागलं. गोपिका म्हणते, "घरात पाय ठेवाले जागा नाही अन् हा माणूस अजून धोंडे आणून राहिला." तिचं खरं आहे, पण वेड ते वेड. नागपुरात माझ्यासारखे बरेच आहेत. डॉक्टर आहेत, प्लॉटचे दलाल आहेत, एक शिंपी आहे. आणि आम्हा सगळ्यांचं न्यायालय म्हणजे वच्छलाबाईंची ओसरी.

आमचं भांडण असतं ते मुख्यतः ऑब्सिडियनवरून. ज्वालामुखीतून वाहून आलेला रस इतक्या झपाट्याने थंड होतो की त्याला दगड व्हायलाच सवड मिळत नाही, त्याची काळी काच होते. तीच ही ऑब्सिडियन. आमच्या भागात काळा दगड पैशाला पासरी मिळतो, पण हा मिळत नाही, तो परदेशातून येतो. एखाद्यावर पांढरे ठिपके असतात, एखाद्यात तांबूस पट्टे. एखादा नुसता काळा दिसतो आणि उन्हात विशिष्ट कोनात धरला की आतून जांभळं-हिरवं कडं उजळतं. ते कडं मधोमध आणि पूर्ण असेल तर दगडाची किंमत कुठल्या कुठे जाते. घासणाऱ्याने कोन चुकवला असेल तर कडं अर्धवट कापलं जातं आणि दगड साधा ठरतो. हे सगळं बाई उन्हात दगड फिरवत सांगायच्या आणि आम्ही शाळेतल्या पोरांसारखे माना हलवायचो.

पण या सगळ्याच्या आधी एक प्रश्न असतो. ही काच ज्वालामुखीची की कारखान्याच्या भट्टीतली? बाजारात काळ्या काचेचे गोळे ऑब्सिडियन म्हणून सर्रास खपवतात. घासून चकचकीत केला की वरून बघून कोणालाच कळत नाही. बाईंनाही नाही, आणि हे त्या स्वतःच सांगायच्या. म्हणून त्यांची अट होती. "टवका उडवू देत असान तर दगड दाखवा, नाही तर चहा घ्या अन् जा."

दगडाच्या तळाशी, कोणाच्या नजरेत येणार नाही अशा जागी त्या हातोडीने एक हलका ठोका मारायच्या. तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडायचा. तो चिमट्यात धरून उन्हाकडे करायच्या आणि भिंगातून बघायच्या. खऱ्या दगडाची पातळ कड धुरकट दिसते, राखाडी किंवा तपकिरी. बाटलीच्या काचेची कड हिरवी पडते आणि आत गोल गोल बुडबुडे दिसतात. मग निकाल. दगड उत्तम असेल तर त्या म्हणायच्या, "कपाटात ठेवा." बरा असेल तर त्यात काय कमी आहे ते सांगायच्या. आणि काच असेल तर फक्त, "कुंडीत ठेवा." खोटा, फसवला, असले शब्द त्यांनी कधी वापरले नाहीत. कुंडीत दगड शोभतो, एवढंच.

मोठमोठ्या लोकांची तोंडं त्या ओसरीत पडलेली मी पाहिली आहेत. पण निकालाला कोणी आव्हान दिलं नाही. पुण्याचे संग्राहक देवाणघेवाण करताना विचारत, "नागपूरच्या बाईंनी पाहिलाय का?" बाईंची सगळी इस्टेट म्हणजे हा शब्द. बाकी म्हणाल तर दोन खोल्या, अकीक दगडाची लॉकेटं घडवून विकायला एक घासायचं चाक, आणि वर्ध्याला नांदणारी एक मुलगी, तारा.

हे त्या शिकल्या नवऱ्याकडून. धम्मानंद आता नाहीत. ते एका कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या खात्यात दगडांचे काप करायचे. इतके पातळ काप की पलीकडचा उजेड दिसावा. माणूस बोलायला मिश्कील आणि हात अतिशय स्थिर. विहारात दर पौर्णिमेला जायचे आणि तिथली एकच गोष्ट घरी येऊन पुन्हा पुन्हा सांगायचे, की पारखून घ्या. बाईंना टवक्याची विद्या शिकवताना म्हणाले होते, "वच्छला, कोणी सांगितलं म्हणून मानू नको. मी सांगितलं म्हणून तर बिलकुलच नको." हे वाक्य बाईंनी आम्हाला इतक्यांदा ऐकवलं होतं की मला झोपेतसुद्धा पाठ आहे.

आणि तो दगड. ओसरीतल्या टेबलावर लाकडी कड्यात बसवलेला, तळहाताएवढा, वरून गोलसर, काळाभोर. तळाला निळं मखमली कापड डकवलेलं. धम्मानंदांनी तो स्वतः घासून बाईंना दिला होता, तारा जन्मली त्या वर्षी. दर रविवारी आमचा दरबार भरायच्या आधी बाई तो मऊ कापडाने पुसायच्या. नवीन माणूस आला की म्हणायच्या, "झिलई कशी पायजे ते पाहायचं असन तर हा पाहा." बाहेरगावचे लोक त्याचा फोटो काढून न्यायचे.

एकदा एका भाविक गृहस्थांनी त्या दगडाला स्पर्श केला आणि हात कपाळाला लावला. बाई ताडकन म्हणाल्या, "हे नाही हं. आमच्या घरात दगडाले हात जोडत नाहीत. माह्या सासूनं छप्पन साली दीक्षा घेतली अन् घरातले सगळे शेंदऱ्या दगड नाग नदीत सोडून आली." गृहस्थ ओशाळले. आम्ही हसलो. त्या हसण्याची मला आता लाज वाटत नाही, पण आठवण मात्र फार येते.

आता तो रविवार.

नत्थू ठेकेदार दगड घेऊन आला. सक्करदऱ्यातलाच माणूस, स्लॅबची कामं घ्यायचा, आता सगळं सोडून संग्रहाच्या नादी लागलेला. आवाज मोठा, मन वाईट नाही. त्याच्या विक्कीने, म्हणजे मुलाने, वाढदिवसाला ऑनलाइन मागवून ऑब्सिडियनचा गोळा दिला होता. मेक्सिकोचा म्हणे. नत्थूचा तो सगळ्या गल्लीला दाखवून झाला होता. बाईंनी टवका उडवला, उन्हाकडे धरला, भिंग डोळ्याला लावलं आणि हळूच म्हणाल्या, "नत्थूभाऊ, कुंडीत ठेवा."

नत्थूचं तोंड लाल झालं. "पुन्हा पाहा."

"पाहिलं. कड हिरवी आहे, बुडबुडे आहेत."

"माह्या पोरानं देल्ला आहे तो!"

"पोरगा चांगलाच आहे. दगड काच आहे."

लोक खाली बघत होते. कोणीतरी उगाच खाकरलं. मग नत्थूने टेबलाकडे बोट केलं आणि म्हणाला, "अन् तो? त्याचा टवका कधी उडवला, बाई?"

मी भडकलो. "नत्थू, काही लाजलज्जा आहे का बे? धम्मानंदभाऊंचा दगड आहे तो."

"मंग? हा माह्या विक्कीचा आहे. तो ठोकला तवा कोणाले काही वाटलं नाही. मी इचारून राहिलो, बाईले कसं माहीत का तो खरा आहे?"

मी बाईंकडे पाहिलं. वाटलं, आता त्या नेहमीसारखं एका वाक्यात नत्थूला गप्प करतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्या दगडाकडे असं बघत होत्या, जसा तो आत्ताच कोणीतरी आणून ठेवलाय.

"धम्मानंदनं देल्ला," त्या म्हणाल्या. पण ते उत्तर नव्हतं. त्यांचं त्यांनाच ते ऐकू आलं असावं, कारण त्या तिथेच थांबल्या.

मग त्यांनी दगड उचलला, उलटा केला आणि नखाने मखमलीची कड सोडवायला लागल्या. जुना डिंक, कापड फाटत फाटत निघालं. मी म्हटलं, "वच्छलाबाई, राहू द्या ना. कोणाले दाखवायचं आहे?" त्या म्हणाल्या, "अट सगळ्यांले सारखी, शरदभाऊ." आणि हातोडी घेतली.

ठोका नेहमीसारखाच हलका होता. टवका उडून फरशीवर पडला. तो त्यांनी चिमट्यात उचलला. त्या पायरीवर उन्हात गेल्या, भिंग लावलं, आणि तशाच उभ्या राहिल्या. खूप वेळ. शेवटी नत्थूच उठून जवळ गेला. बाईंनी चिमट्यातला टवका आणि भिंग त्याच्या हातात दिलं आणि आत निघून गेल्या.

नत्थूने बघितलं. जिंकल्याचा आनंद तर दूरच, त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी त्याच्या हातून दोन्ही हिसकावून घेतलं. टवक्याची कड हिरवी होती. सोड्याच्या बाटलीची असते तशी स्वच्छ हिरवी. आत गोल बुडबुडे, एकाला एक लागून. माझा डोळ्यावर विश्वास बसेना. भिंग धोतराला पुसून पुन्हा पाहिलं, तर पुन्हा तेच.

एकेक जण चपला घालून निघून गेला. कोणाचा चहा उष्टा राहिला, कोणाची टोपी राहिली.

पुढचे दिवस वाईट गेले. आमचा संग्राहकांचा मोबाइलवर ग्रुप आहे, तिथे ज्याला त्याला कंठ फुटला. जिच्या टेबलावर काच, ती आम्हाला काच ओळखून देणार? माझा दगड तिने कुंडीत घालायला लावला, तो खरा असेल तर? ज्यांनी कधी बाईंसमोर मान वर केली नव्हती तेही शहाणपण शिकवायला लागले. मी रागाच्या भरात दोघातिघांना असं काही लिहिलं की गोपिकाने मोबाइलच काढून घेतला. पण मनात माझ्याही पाल चुकचुकत होतीच, खोटं कशाला बोलू? माझ्या कपाटातले दगड मी एकदा बाहेर काढून पाहिले आणि परत ठेवून दिले.

बाईंचं दार बंद होतं. चाकाचा आवाज नाही. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांनी दार उघडलं. टेबलावरचं लाकडी कडं रिकामं होतं, दगड फरशीवर भिंतीशी ठेवलेला. समोर तथागतांची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि धम्मानंदांचा. मी ग्रुपवरच्या लोकांचा उद्धार करायला सुरुवात केली तर त्यांनी हात वर केला.

"लोकाईचं सोडा. शब्द गेला तर गेला. मले एकच गोष्ट खाऊन राहिली, शरदभाऊ. त्याले माहीत होतं का नव्हतं?"

मी भिंतीशी ठेवलेला दगड उचलून पाहिला.

"माहीत नव्हतं तर कोणी तरी त्याले फसवलं, अन् ज्यानं मले शिकवलं त्यालेच येत नव्हतं. माहीत होतं तर मले फसवलं. दोन्हीतलं कोणतं बरं, सांगा तुम्ही."

मी त्यांना चंपतरावांची आठवण करून दिली. चंपतराव कॉलेजात धम्मानंदांच्याच खात्यात सामानाच्या खोलीवर होते. नोकरी संपल्यावर नरखेड तालुक्यातल्या आपल्या गावी संत्र्याची बाग बघायला गेले. धम्मानंदांच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्यात रात्रंदिवस तेच बसले होते. बाई म्हणाल्या, "उद्याच जाऊ."

आम्ही एसटीने गेलो. मी उभं आयुष्य ज्या रस्त्यावर घंटी मारली त्या रस्त्यावर बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत दगड. कंडक्टर ओळखीचा निघाला, त्याने विचारलं, "काका, काय जड घेऊन चालले?" मी त्याच्यावर उगाच खेकसलो.

चंपतराव बागेतच होते, विहिरीवरचा पंप नुकताच बंद केलेला. बाईंना बघून त्यांनी घाईने खाट टाकली, घरात आवाज देऊन पाणी मागवलं. "वहिनी! इतक्या वर्सानं! तारा कशी आहे?" बाईंनी उत्तर न देता पिशवीतून दगड काढला आणि उलटा करून खाटेवर ठेवला. तळाची टवका उडालेली जागा वर आली.

चंपतरावांनी ती पाहिली. आणि तो म्हातारा माणूस मोठमोठ्याने हसायला लागला.

"सापडला!" चंपतराव मांडीवर थाप मारून म्हणाले. "अखेर सापडला! अरे धम्म्या, तुह्या बायकोले सापडला रे!" आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी म्हटलं, "चंपतराव, या बाईचं तिकडे वाटोळं झालं अन् तुम्ही हसून राहिले?"

त्यांनी उपरण्याने डोळे पुसले आणि सांगितलं ते असं. कॉलेजात तोंडी परीक्षेला पोरांसमोर दगडांचा ट्रे ठेवायचे. त्यात खऱ्या नमुन्यांमध्ये एक काळ्या काचेचा गोळा मुद्दाम टाकायचे, पोरगा हुशार आहे की पाठांतर करून आलाय हे बघायला. तो गोळा एकदा फुटला आणि खात्याने टाकून दिला. धम्मानंदांनी त्यातला मोठा तुकडा उचलला.

"मले म्हणे, चंपत, वच्छला आता पक्की झाली. आता तिची परीक्षा घेतो. महिनाभर घासला त्यानं तो. म्हणे, ती ठोकून पाहीन, मंग मले अशा शिव्या देईन, अन् मंग आम्ही दोघं पोट धरून हसू. रोज सकाळी कामावर आला का मी इचारो, ठोकला का गा? तो म्हणे, नाही ना. पुसून राहिली फक्त."

बाईंनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मंग सांगितलं काहून नाही?" त्यांचा आवाज मला ओळखू येईना.

"मी कितीदा म्हटलं त्याले. दवाखान्यातही म्हटलं, आता तरी सांगून टाक बाबा. तर म्हणे, आता सांगितलं तर तिले वाटन मी फसवलं. तिचा तिले सापडू दे. अन् मले म्हणे, चंपत, तूही सांगू नको. शपथ घातली त्यानं. मी काय करू, वहिनी?"

मला त्या मेलेल्या माणसाचा इतका संताप आला की तो समोर असता तर मी त्याची गचांडी धरली असती. ही कसली थट्टा? बायकोला काच देऊन वर्षानुवर्षं गंमत बघत बसायचं, आणि मरतानाही तोंड उघडायचं नाही? मी तसं बोललोही.

बाई उठल्या आणि संत्र्याच्या झाडांमध्ये चालत गेल्या. बऱ्याच दूर जाऊन बांधावर बसल्या. आम्हाला त्यांची पाठ दिसत होती. मग त्यांचा आवाज आला. त्या रडत होत्या आणि धम्मानंदांना शिव्या देत होत्या. मी कंडक्टर माणूस, शिव्यांना दचकणारा नाही, पण वच्छलाबाईंच्या तोंडी हे शब्द असतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. बदमाश, हलकट, मुडदा बशिवला तुह्या परीक्षेचा, असं बरंच काही. चंपतराव ऐकत होते आणि पुन्हा हसत-रडत होते. "हेच," ते मला म्हणाले. "हेच त्याले ऐकाचं होतं."

परत येताना काटोल मागे पडलं. मग आपणहून बोलल्या.

"शरदभाऊ, त्यानं मले फसवलं नाही."

"मंग काय केलं?"

"तो म्हणे, मी सांगितलं म्हणून मानू नको. मी म्हणो हाव हाव. अन् तुम्हालेही तेच सांगत राहिले दर रविवारी. अन् बाजूले तो ठेवलेला." त्यांनी पिशवीवर हात ठेवला. "सासूनं सगळे दगड नदीत सोडले. मी एक आणून टेबलावर मांडला. दर रविवारी पुसत होते मी त्याले. फक्त शेंदूर लावाचा राहिला होता."

मला त्या गृहस्थांचा कपाळाला लावलेला हात आठवला आणि आमचं हसणंही. आम्ही सगळेच त्या दगडासमोर माना हलवत बसत होतो, आणि आमच्यातल्या एकालाही तो खरा कशावरून, असं विचारावंसं वाटलं नव्हतं. विचारलं ते नत्थूने, तेही रागात.

पुढच्या रविवारी बाईंनी ग्रुपवर निरोप टाकला. या. ज्याला वाटतं माझ्याकडून चूक झाली त्याने आपला दगड परत आणावा, पुन्हा टवका उडवू. मला वाटलं होतं कोणी येणार नाही. पण ओसरी भरली, पायरीपर्यंत माणसं बसली. मजा बघायला आलेलेही होतेच.

बाईंनी सगळं सांगितलं. ट्रेमधला गोळा, परीक्षा, दवाखाना, एकही गोष्ट झाकली नाही. आवाज सरळ होता. ऐकताना लोक एकमेकांकडे बघत होते, शिंपी तर उघडउघड डोळे पुसत होता. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे मी नापास. आता ज्याले दाखवायचा त्यानं दाखवा."

दगड निघाले. एकेक करून टवके उडाले. एक जरी निकाल उलटला तर संपलं. एकही उलटला नाही. कुंडीतले दगड काचेचेच निघाले आणि बाईंनी फक्त कड दाखवून ज्याची त्याला खात्री करून घ्यायला लावली. या वेळी भिंग त्या आधी मालकाच्या हातात देत होत्या. हे नवीन होतं.

सर्वांत शेवटी नत्थू उठला. विक्कीचा गोळा पुढे केला. त्याला अजून आशा होती, बिचाऱ्याला. बाईंनी ठोका मारला, टवका त्याच्याच हाती दिला. त्याने भिंगातून बघितलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "कुंडीत." सगळे हसले, तोही हसला. विक्कीची आई त्या कुंडीत आता कोरफड लावणार आहे म्हणे.

मग बाईंनी भिंतीशी ठेवलेला आपला दगड उचलला. कोणीतरी म्हणालं, "ताई, तो राहू द्या टेबलावर, आठवण म्हणून." बाई म्हणाल्या, "काच आहे." ओसरीच्या कोपऱ्यातल्या शेवंतीच्या कुंडीत त्यांनी तो ठेवला आणि हाताची माती पदराला पुसली. नियम तो नियम, पण मला ते बघवेना.

तेवढ्यात नत्थूने खिशातून कागदाची पुडी काढली. "बाई, हा त्या दिवशी पायरीवर पडला होता. मीच उचलला. फेकू वाटला नाही." पुडीत बाईंच्या दगडाचा तो टवका होता.

बाईंनी तो तळहातावर घेतला. उन्हात गेल्या, भिंगातून पुन्हा एकदा पाहिला. मग आत जाऊन लोखंडी कपाट उघडलं. त्या कपाटात पूर्ण कड्याचे, लोकांनी सांभाळायला दिलेले उत्तमोत्तम दगड आहेत. तिथे असलेली एक छोटी डबी त्यांनी रिकामी केली, कापूस अंथरला आणि टवका त्यावर ठेवला.

नत्थूला राहवलं नाही. "बाई, पण ते तर काच आहे ना?"

"हाव, काचच आहे," वच्छलाबाई म्हणाल्या आणि कपाटाला कुलूप लावलं. "पण टवका उडवला तर मीच ना."